नॉर्मल नंबर एक

डाव्या हाताची बाही कोपराच्या वर दुमडायची, हात टेबलावर उताणा ठेवायचा, तोंड खिडकीकडे वळवायचं आणि म्हणायचं, "घेवा ताई. नॉर्मल नंबर एक हजर आसा." सुई टोचली की मामा खिडकीबाहेरच्या झाडावरचे कावळे मोजत. पाचव्या कावळ्याला नळी भरलेली असे. कावळे कमी असले तर एकच कावळा दोनदा मोजत.

आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मुलुंडला कारखान्यांच्या रांगेत आमचं एक छोटं संशोधन केंद्र होतं, आणि त्यात काचेची भांडी धुणं, ती भट्टीत निर्जंतुक करणं, जंतूंसाठी खाऊ शिजवणं ही सगळी कामं मामा करत. असा एक माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्यावाचून तुमचं पान हलत नाही आणि त्याचं आडनाव तुम्हाला आठवत नाही.

शेवट आधीच सांगून टाकते. रक्ताच्या थेंबावरून क्षयाची लागण ओळखता यावी म्हणून आम्ही राबत होतो. ज्या माणसाचं रक्त आम्ही निरोगी म्हणून वापरत होतो, त्यालाच क्षय झाला होता. आमच्या चाचणीने तो ओळखला. आम्ही चाचणी खोटी ठरवली, मामांना कामचुकार ठरवलं, आणि मामा गेले. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. मी तेव्हा पंचविशीत होते, आता निवृत्त झाले आहे. राग मात्र निवृत्त व्हायला तयार नाही.

मामा मूळचे कोकणातले. वीस वर्षं परळच्या गिरणीत काढली. गिरणी बंद पडली तेव्हा नाहूरच्या चाळीत दोन वर्षं घरी बसले, मग कुणाच्या तरी ओळखीने आमच्याकडे लागले, हंगामी म्हणून. तो हंगाम सहा वर्षं चालला. सकाळी मी पोचायच्या आत ते उबवणीच्या कपाटासमोर उभे असत. आदल्या दिवशी पसरलेले जंतू रात्रीतून बशीवर वाढत आणि टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके उठत. मामा दार किलकिलं करून बघत आणि मला पायरीवरच बातमी देत, "ताई, तरवो बरो रुजलो." तरवा म्हणजे लावणीची भाताची रोपं. मग आम्ही दोघं दात कोरायच्या काड्या घेऊन एकेक ठिपका उचलून दुसऱ्या बशीत ओळीने लावायचो. त्या काड्या डब्यात भरून, भट्टीतून काढून, सुकवून ठेवायचं कामही त्यांचंच. "चिखल नाय, जळू नाय, पाठीक ऊन नाय," ते म्हणायचे, "अशी लावणी गावाक मिळाली असती तर मुंबैक कोण इलो असतो?"

आमचं काम काय, हे मी घरी आईला चार वर्षांत समजावू शकले नाही. मामांनी ते मामींना एका वाक्यात समजावलं होतं. क्षयाच्या जंतूच्या जनुकांचे तुकडे करायचे, ते आतड्यातल्या एका निरुपद्रवी जंतूत घालायचे, आणि त्याच्याकडून क्षयाच्या जंतूची प्रथिनं बनवून घ्यायची, हा आमचा उद्योग. मामा म्हणायचे, "चूल त्यांची, लाकडां त्यांची, कालवण आपला." मग ते कालवण ओळखायचं कसं? आजारी माणसाच्या रक्तातलं पाणी त्यावर ओतायचं. "ज्याना ता कालवण आधी खाल्ला हा, तोच वासावरून वळाकतलो." पुस्तकात हे समजवायला सात पानं घालवलेली मी पाहिली आहेत.

प्रत्यक्षात असं व्हायचं: जंतूंच्या बशीवर टिपकागदासारखा पांढरा कागद दाबून ठसा घ्यायचा, तो काचेच्या थाळीत ठेवून त्यावर एका माणसाचं रक्तद्रव ओतायचं, मग दोन-तीन द्रावणं. त्या माणसाच्या रक्ताने प्रथिन ओळखलं तर कागदावर जांभळा ठिपका उमटायचा. आम्हाला असा ठिपका हवा होता जो क्षयाच्या सगळ्या रुग्णांत उमटेल आणि निरोगी माणसांत मुळीच उमटणार नाही. रुग्णांचं रक्त हॉस्पिटलातून येई. निरोगी रक्त आणायचं कुठून? पीएचडी करणाऱ्या आमच्या वीरांपैकी सुई दिसली की कुणाला डोकेदुखी होई, कुणाचा उपास निघे. मग मामा, वॉचमन, टायपिस्ट, कँटीनमधले दोघे आणि मी, असे सहा नॉर्मल ठरले. पहिला हात मामांनी पुढे केला म्हणून त्यांच्या नळीवर एन-१. त्याचा त्यांना केवढा अभिमान! वॉचमनला ते दटावत, "तू सहावो. सहाव्यान सहाव्यासारखा ऱ्हवाचा."

त्यांना खोकला होता. सगळ्यांना माहीत होतं. भांडी घासायच्या खोलीतून तो ऐकू आला की मामा आले म्हणायचं. मी एकदा विचारलं होतं, हो, एकदाच. मामा हसले आणि म्हणाले, "कापूस आसा तो, ताई. वीस वर्षां गिळलंय, आता जरा जरा भायर येता." मी पण हसले. क्षयावर काम करणारी मी, क्षयाची लक्षणं परीक्षेत लिहून पहिला वर्ग मिळवलेली मी, कापसाच्या विनोदावर हसले आणि कामाला लागले. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा.

आणि त्या गाडीबद्दल लिहिलं नाही तर माझं लिहिणं फुकट आहे. वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढणारी गाडी केंद्राच्या आवारात येई. क्षयावर काम करणाऱ्यांची तपासणी व्हायला हवी, असा नियम होता. यादीवर लिहिलेलं असे, 'शास्त्रीय व तांत्रिक कर्मचारी'. भांडी धुणारा हंगामी माणूस शास्त्रीयही नव्हे, तांत्रिकही नव्हे. तेव्हा मामा यादीत नसत. पण आत जाताना अंगावरचा धातू काढावा लागतो ना, म्हणून आमच्या साखळ्या, मंगळसूत्रं, घड्याळं सांभाळायला कुणीतरी विश्वासाचं लागे. सहा वर्षं मामा त्या गाडीच्या दाराशी दोन्ही ओंजळीत आमचं सोनं धरून, खोकला आला की तोंड खांद्यात लपवून, उभे राहिले. ती गाडी त्यांच्यापासून दोन हातांवर होती. एकालाही वाटलं नाही की म्हणावं, मामा, तुम्हीही चढा. मलाही नाही.

असो. त्या वर्षी शेकडो ठिपके लावून झाल्यावर एकशे सतरा नंबरचा ठिपका सापडला. रुग्णांचं रक्त ओतावं आणि तो जांभळा व्हावा, एकामागून एक, सगळ्यांत. आमचे सर अमेरिकेत शिकून आलेले, हुशार, बारा-बारा तास खुर्चीतून न उठणारे. ते पहिल्यांदाच हसताना दिसले. मामांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी मालवणी खाजं आणलं. "लावणी फळाक इली," म्हणाले.

मग निरोगी रक्तं लावायची पाळी आली. दोन ते सहा पांढरेस्वच्छ. एक नंबरच्या कागदावर जांभळा ठिपका.

सर कागद हातात घेऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "भांडी कोण धुतं?"

त्यांचं म्हणणं असं, की काचेच्या थाळ्या आम्ही परत परत वापरतो, आधीच्या रुग्णाचं रक्तद्रव थाळीला चिकटून राहिलं असणार. मामांना बोलावलं. मामा दारात उभे राहिले. आत या म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

"नीट धुता का तुम्ही?"

"धुतंय ना, साहेब. तीन पाणी साधा, दोन पाणी वाफेचा."

"मग हे काय आहे?"

मामांनी कागदाकडे पाहिलं. त्यांच्याच रक्ताचा ठिपका त्यांना दाखवत होते, आणि तो घाणीचा डाग आहे असं सांगत होते. मामा म्हणाले, "परत धुतंय."

त्या आठवड्यात त्यांनी केंद्रातली एकूण एक थाळी आम्लाच्या टाकीत बुडवून काढली. त्या टाकीची वाफ निरोगी माणसाच्या घशाला लागते. ते तोंडाला रुमाल बांधून खोकत होते आणि धूत होते. शनिवारी त्यांच्या हातात मेमो पडला: 'भांडी अस्वच्छ ठेवल्याने संशोधनात अडथळा. पुन्हा घडल्यास सेवा समाप्त.' त्यांना नोकरीत कायम करण्याची फाइल तेव्हा वर गेलेली होती. मेमो त्या फाइलला जोडला गेला आणि फाइल खाली आली. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण फाशीचा कागद टाइप होताना पहिल्यांदाच पाहिला.

पुढच्या सोमवारी मी एक साधी गोष्ट केली. एक आणि दोन नंबरच्या थाळ्यांची अदलाबदल केली. थाळीचा दोष असता तर ठिपका थाळीबरोबर गेला असता. तो मामांच्या रक्ताबरोबर गेला. म्हणजे थाळ्या स्वच्छ होत्या. मी सरांना सांगितलं. सरांनी अर्धा मिनिट विचार केला आणि म्हणाले, "मग हा क्लोन, हा एकशे सतराच कचरा आहे. निरोगी माणसात दिसतो म्हणजे उपयोग शून्य. टाकून दे."

बघा तुम्हीच. थाळी वाईट असू शकते, धुणारा वाईट असू शकतो, वर्षभर शोधलेला ठिपका वाईट असू शकतो. फक्त नॉर्मल नंबर एक हा नॉर्मल नसेल, ही शंका त्या इमारतीत एकाही शिकलेल्या डोक्यात आली नाही. नळीवर एन लिहिलेलं होतं ना! लिहिणारे आम्हीच, आणि लिहिलेल्यावर विश्वास ठेवणारेही आम्हीच. माझ्या वहीत मी लाल शाईने लिहिलं, 'एन-१, खोटा पॉझिटिव्ह'. त्यानंतर आम्ही दुसरे ठिपके शोधत राहिलो, दर महिन्याला मामांचा हात पुढे येत राहिला, आणि दर महिन्याला मी सवयीने एकशे सतरावरही ते रक्त लावून बघत राहिले. पहिल्यापासून धरले तर आठ महिने. आठ वेळा ठिपका उमटला, प्रत्येक वेळी आधीपेक्षा गडद. आठ वेळा मी त्या माणसाच्या रक्ताला खोटं म्हटलं.

आणि मामांना मी हेही सांगितलं नाही की थाळ्या स्वच्छ होत्या. सरांनी मेमो मागे घेतला नव्हता. मी कोण सांगणार? असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. नोकरी माझीही कच्चीच होती. भित्रेपणाला नेहमी चांगलं कारण सापडतं.

नवव्या महिन्यात एका सकाळी भांड्यांच्या खोलीत नळ सुरू होता आणि बराच वेळ बंद होत नव्हता. मी आत गेले. मामा बेसिन घासत होते. पांढऱ्या बेसिनच्या कडेला लाल ओघळ राहिला होता.

"हे काय मामा?"

"काय नाय ताई. साफ करतंय. साहेबांका सांगा नको, बेसिन घाण झाला म्हणून."

मी त्यांचा हात धरून त्यांना रिक्षात बसवलं. मुलुंडच्याच एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून दिव्यावर लावला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुठे काम करता म्हणालात?" मी पुन्हा सांगितलं. एक फुफ्फुस जवळजवळ संपलं होतं, दुसरं अर्ध्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर मला हे सगळं सोपं गेलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. मग एकदम ताठ झाले. "म्हणजे एकशे सतरा खरा होता!" ते उठून फ्रीझरकडे गेले. टाकून दे म्हटलेला क्लोन मी टाकला नव्हता, कारण मामांनी त्या बाटलीला 'ऱ्हवांदे ताई, जागा खंय खाता' म्हणून एक कोपरा दिला होता. सरांनी विचारलं, "त्यांच्या जुन्या नळ्या किती आहेत?"

"आठ."

"आठ महिन्यांच्या! रोग कळायच्या आधीच्या! अगं, हे सोनं आहे." थोड्या वेळाने त्यांना आठवलं. "बिचारा," ते म्हणाले. "चाळीत लागला असणार."

चाळीत लागला की कुठे, देव जाणे. विचारायची कुणाला गरजही वाटली नाही. संसर्गाचा धोका म्हणून मामांचं नाव त्याच आठवड्यात हजेरीतून काढलं. मला सांगितलं, आठही नळ्यांवरचा एन खोड आणि पी-४१ लिही. पी म्हणजे पेशंट. मी खोडलं आणि लिहिलं. मी तिथून ताडकन उठून गेले, असं सांगायला मला आवडलं असतं. पण मी खुर्चीत बसून, चांगल्या अक्षरात, आठ वेळा लिहिलं.

रविवारी हॉस्पिटलात गेले. मामा खाटेवर उशीला टेकून बसले होते, मामी शेजारी स्टुलावर. मी सगळं सांगितलं. ठिपका, थाळ्यांची अदलाबदल, माझी लाल शाई. सांगताना रडले. मामा ऐकत होते. मधेच म्हणाले, "म्हणजे माझ्या रगतान बरोबर वळाकल्यान."

"हो मामा."

"पयल्या दिसापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं, आता मला बोलतील. बोलायला हवं होतं. ते मामींकडे वळले. चेहरा असा उजळला होता की मामी घाबरून उठल्या. "आयकलंस? भांडी स्वच्छ होती!" मग मला म्हणाले, "ताई, येक काम करशात? तो मेमो मागे घेतलो असा लिवन हाडा. साहेबांच्या सहीन. बाकी माका काय नको."

मला अजून कळत नाही, एवढ्या नम्र मागणीवर माणसाने काय करावं. त्यांनी भरपाई मागायला हवी होती. आरडाओरडा करायला हवा होता. केंद्राच्या दारात येऊन रक्त थुंकायला हवं होतं. त्यांनी भांड्यांबद्दल एक ओळ मागितली.

मी सरांकडे गेले. "आता त्या कागदाला काय अर्थ आहे?" सर म्हणाले. "ते कामावरच नाहीत." कार्यालयात गेले. हेडक्लार्क चांगले होते, मला चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, मेमो रद्द करायला कर्मचारी हजेरीवर लागतो. हे हजेरीवर नाहीत. नसलेल्या माणसाचा मेमो कसा मागे घेणार?" मी म्हटलं, नसलेल्या माणसाचा मेमो ठेवता कसा मग? ते म्हणाले, "ठेवायला काही लागत नाही." मी तीनदा अर्ज केला. तिन्ही अर्ज फाइलला लागले, मेमोच्या वर.

हॉस्पिटलात दर रविवारी मामा विचारत, "कागद इलो?" मी म्हणे, येतोय, सही व्हायची आहे. औषधं सुरू होती, चांगली औषधं होती, पण उशिराच्या औषधांना शरीरात धरायला जागा उरली नव्हती. एका रविवारी त्यांनी कागदाचं विचारलं नाही. मी पर्समधून रुमाल काढत होते. त्यांना वाटलं, सुई काढते आहे. त्यांनी डावी बाही दुमडायला घेतली. दंडावर बाही राहत नव्हती, घसरत होती. "घेवा," म्हणाले. "लागत आसात तर घेवा." आणि खिडकीकडे तोंड केलं. तिथे कावळा नव्हता. पुढच्या बुधवारी ते गेले.

वर्षभराने परदेशातल्या एका मोठ्या मासिकात आमचा लेख छापून आला. एकशे सतराचं कौतुक झालं. रोग कळण्याआधी आठ महिने ठिपका दिसला, यावर तर एक आख्खा परिच्छेद होता, आणि खाली आठ ठिपक्यांचा फोटो, फिक्यापासून गडदपर्यंत. शेवटी आभार होते: रसायनं देणाऱ्यांचे, टायपिस्टचे, सरांच्या पत्नीचे. फोटोखाली छापलं होतं, 'रुग्ण क्रमांक ४१, पुरुष'.

त्या लेखाची एक प्रत घेऊन मी नाहूरला गेले. मामींनी हात पदराला पुसून ती घेतली, उलटीसुलटी पाहिली.

"ह्यात ते खंय आसत?"

मी फोटोवर बोट ठेवलं. "हे मामा. हे आठही."

मामींनी एकेक ठिपका बोटाने चाचपला. शेवटच्या, सगळ्यात गडद ठिपक्यावर बोट थोडा वेळ राहिलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"आणि भांड्यांचा खंय लिवला हा?"

लिहिलेलं नव्हतं. त्या लेखात नव्हतं, त्या फाइलमध्ये नव्हतं, कुठेच नव्हतं. माझ्या हातात तेव्हाही पेन होतं, आणि तरीही मला इतकी वर्षं लागली. मामी आता नाहीत, सर नाहीत, ते केंद्रही नाही. तरी लिहिते, माझ्या सहीने, कारण दुसऱ्या कुणाची सही मिळाली नाही: मामा, भांडी स्वच्छ होती. पहिल्या दिवसापासून स्वच्छ होती.